मेरुमणी नसलेली माळ

ज्या तीन लेखनांविषयी मी येथे लिहिणार आहे, त्यांतले एकही वाङ्मय म्हणून लिहिलेले नाही. पहिले, व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइडने १९०९ साली प्रसिद्ध केलेले एका तरुण वकिलाचे रुग्णवृत्त. दुसरे, लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधल्या व्हिक्टर मेयर ह्या मानसशास्त्रज्ञाचा १९६६ सालचा एक छोटासा निबंध. तिसरे, ज्युडिथ रॅपोपोर्ट ह्या अमेरिकन बालमनोविकारतज्ज्ञ बाईंचे १९८९ सालचे पुस्तक. त्याच्या नावाचा मराठी अर्थ ‘ज्या मुलाला धुणे थांबवता येईना’ असा काहीसा होईल. तिन्हींचा विषय एकच. आजचे डॉक्टर त्याला ‘ओसीडी’ म्हणतात. मराठीत त्याला जुना आणि, माझ्या मते, अधिक चांगला शब्द आहे: मंत्रचळ.

ही लेखने मी लागोपाठ वाचली ती एका जुन्या अपराधाची चौकशी करावी म्हणून. अपराध माझाच आहे आणि तो लेखनाचाच आहे. तेव्हा तो आधी सांगून टाकतो.

नागपूरच्या महालात आमचा वाडा होता. मधल्या चौकात आड, आडावर रहाट, आणि रहाटाशी आत्याबाई. वडिलांची ही थोरली बहीण सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतली होती. मला कळू लागले तेव्हा ती पन्नाशीच्या आसपास असेल. पहाटे साडेतीनला ती उठे आणि पाणी शेंदू लागे. हातांवर एकवीस तांबे, पायांवर एकवीस, मग पुन्हा हातांवर. मध्ये कोणी बोलले, डोक्यावरून चिमणी उडाली, किंवा अकरावा तांबा की बारावा असा तिला नुसता संशय आला, तरी ती ‘मोडलं’ असे पुटपुटे आणि पहिल्यापासून सुरू करी. दुपारचे दोन वाजले तरी तिच्या पोटात अन्न नसे. ‘आत्या अजून धुऊनच राहिली आहे का?’ हा आमच्या घरातला रोजचा प्रश्न होता, आणि तो विचारताना प्रत्येक जण थोडासा हसत असे.

मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. आडाचे पाणी तळाला लागते. अशाच एका उन्हाळ्यात वडिलांनी संतापून रहाटाला साखळी घातली आणि कुलूप लावले. त्या रात्री आत्याबाई आडाच्या काठाला टेकून सकाळपर्यंत रडत बसली होती. तिच्या बोटांच्या बेचक्यांत कातडी चिरून रक्त येई. रक्त आले की त्याचा विटाळ. विटाळ झाला की पुन्हा धुणे. धुण्यानेच धुण्याचे कारण निर्माण होत होते. हे चक्र तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फिरत होते आणि मला त्यात गंमत दिसत होती.

१९६७ साली कॉलेजच्या वार्षिक अंकात मी ‘आमची जलदेवता’ नावाचा विनोदी लेख लिहिला. आडातले बेडूक आत्याबाईच्या विरोधात म्युनिसिपालिटीकडे अर्ज करतात, अशी त्यातली कल्पना होती. स्नेहसंमेलनात तो वाचून दाखवला, तेव्हा लोकांनी बाके वाजवली. पुढे कोणा चुलतभावंडाने तो अंक घरी आणला आणि एका दुपारी आत्याबाईला तो सगळा वाचून दाखवला. ती ओले हात कोपरांपासून वर धरून शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली. मग मला म्हणाली, “सगळं खरं लिहिलंस रे. पण थांबायचं कसं, ते नाही लिहिलंस.”

ह्या वाक्यालाही मी तेव्हा हसलो. १९७१ साली ती गेली.

आता टीकाकाराच्या भूमिकेवर येतो. माझा तो लेख वाईट होता असे मला आजही वाटत नाही. तो एका थोर परंपरेतला होता. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १८७१ साली ह्याच नागपुरात जन्मले, आणि ‘सुदाम्याचे पोहे’ लिहून त्यांनी मराठीला रूढींवर हसायला शिकवले. त्या हसण्याने महाराष्ट्राचे भले झाले, ह्याबद्दल मला शंका नाही. सोवळ्याओवळ्याच्या नावाखाली माणसाने माणसाचा स्पर्श टाळण्याची जी दुष्ट व्यवस्था होती, तिच्यावर जितके हसावे तितके थोडेच. परंतु विनोदाचे एक गृहीत असते आणि त्याकडे आपल्या समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. आपण ज्याला हसतो त्याला आपले वागणे थांबवता येण्यासारखे आहे, असे आपण धरून चालतो. दांभिकाने दंभ सोडावा, मूर्खाने मूर्खपणा सोडावा, म्हणून आपण हसतो. पांगळ्याच्या चालीला सुसंस्कृत माणूस हसत नाही, कारण ते गृहीत तेथे लागू पडत नाही. मराठीतली सोवळी म्हातारी ही विनोदाची हुकमी व्यक्तिरेखा होऊन बसली. तिच्यात रूढी पाळणारी किती आणि रूढीच्या वेषात आजारी असलेली किती, ही निवड कोणी केलीच नाही. सुधारकाचा फटका रूढीला बसला तसा ह्या बायकांनाही बसला, आणि त्या रूढीहून आधी कोसळल्या.

गंभीर लेखनाने तरी काय केले? ह्याचेही उत्तर मला माझ्याच चोपडीत सापडते. विनोदी लेखाला बरीच वर्षे लोटल्यावर मी फ्रॉइड वाचला, आणि त्याने मला झपाटले. त्याचा तो वकील मनोविकारशास्त्रात ‘उंदीर-मनुष्य’ ह्या काहीशा क्रूर नावाने ओळखला जातो. सैनिकी कवायतींच्या काळात एका कॅप्टनच्या तोंडून तो उंदरांच्या एका भयंकर शिक्षेची हकीगत ऐकतो, आणि आपल्या प्रियजनांना ती शिक्षा होईल ह्या विचाराने पछाडला जातो. चष्म्याच्या टपालखर्चाचे ३ क्रोनेन ८० अमक्या लेफ्टनंटला परत केले नाहीत तर तसे होईल, असे त्याचे मन म्हणते. पैसे खरे त्याला द्यायचे नाहीतच, दुसऱ्याच कोणाला द्यायचे आहेत, हे ठाऊक असूनही तो गाड्या बदलण्याचे, उलट प्रवास करण्याचे बेत आखत राहतो. त्यातच तो रस्त्यातल्या दगडाचा प्रसंग आहे. तिची गाडी ह्यावर आपटेल म्हणून तो दगड उचलून बाजूला ठेवतो. थोडे पुढे गेल्यावर हे हास्यास्पद आहे असे वाटून परत येतो, आणि दगड उचलून पुन्हा रस्त्याच्या मधोमध आणून ठेवतो. एका हालचालीत प्रेम आणि दुसरीत द्वेष, असे फ्रॉइड त्याचे मर्म उलगडतो. कोणाही कथाकाराने हेवा करावा असा हा प्रसंग आहे.

मी लगेच दुसरा लेख लिहिला, आणि ह्या वेळी तो अतिशय गंभीर होता. आत्याबाईचे पाणी हे अतृप्त वासनेचे प्रतीक, रहाटाची फेरी म्हणजे कुंठित आयुष्य, एकवीस ही संख्या म्हणजे आणखी काहीतरी. जाणकारांनी माना डोलावल्या. विनोदाने तिला पाण्यात पाहिली होती, प्रतीकाने तिला पाण्यात विरघळवून टाकली. ती काय विचारत होती, ते दोन्ही लेखांत नव्हते.

फ्रॉइडचे हे रुग्णवृत्त वाङ्मय म्हणून तिन्हींत सरस आहे आणि उपचार म्हणून सर्वांत संशयास्पद, हे आता मला कबूल करावे लागते. तो रुग्ण पूर्ण बरा झाल्याचे त्याने लिहिले. पुढे १९२३ साली त्याने तळटीप जोडली की हा तरुण महायुद्धात मारला गेला. योगायोगाने फ्रॉइडची त्या वेळची रोजची टिपणे शिल्लक राहिली. ती छापील वृत्ताशी ताडून पाहणाऱ्यांना कालावधीत आणि घटनाक्रमात बरीच विसंगती आढळली आहे. ते सोडून दिले, तरी त्या वृत्ताने घालून दिलेला मार्ग मंत्रचळाच्या रोग्यांना फार काळ भोवला. कृतीचा दडलेला अर्थ सापडला की कृती गळून पडेल, ह्या आशेवर कित्येक रोगी वर्षानुवर्षे कोचावर पडून बोलत राहिले. अर्थ सापडत गेले आणि हात धुतले जात राहिले.

ह्याच्या आधी, १९०७ साली, फ्रॉइडने एक निबंध लिहिला होता. त्यात त्याने धर्मविधी आणि मंत्रचळ ह्यांची तुलना केली आहे: एक सर्वांचा मंत्रचळ, दुसरा एकट्याचा खाजगी धर्म. हे विधान नागपुरातल्या वाड्यात बसून वाचणाऱ्याला चटकन पटते, आणि म्हणूनच ते तपासून घेतले पाहिजे. माझी आजी रोज जप करी. तिच्या माळेत एकशेआठ मणी होते आणि एक मेरुमणी. मेरुमणी बोटाला लागला की माळ संपली. तो ओलांडायचा नाही, असा नियमच आहे. पूजेला उत्तरपूजा आहे, व्रताला उद्यापन आहे, सुतकाला दहावा-बारावा दिवस आहे. धर्माने विधी निर्माण केला तेव्हा त्याचा शेवटही ठरवून दिला. आजी माळ खुंटीला अडकवून पोहे फोडणीला टाकी. तिच्याच घरातली, तिचेच नियम पाळणारी तिची लेक मात्र आडावर ‘मोडलं’ म्हणत उभी असे. तिच्या माळेला मेरुमणी नव्हता. सोवळे आणि मंत्रचळ ह्यांतला फरक विधी किती कडक ह्यात नाही. विधी सुटतो की नाही ह्यात आहे. आपल्या भाषेला हे ठाऊक असावे असे मला वाटते. कारण ‘मंत्रचळ’ ह्या शब्दात मळाचा किंवा पापाचा उल्लेखच नाही. त्यात आहे तो चळ. जागेवर न ठरणे.

बंगाली भाषेतही ह्याला ‘शुचिबाई’ असा शब्द आहे. कलकत्त्याच्या मनोविकारतज्ज्ञ अजिता चक्रवर्ती ह्यांनी १९७५ साली एका सहकाऱ्याबरोबर विधी, शुचिबाई आणि मंत्रचळ ह्यांच्या परस्परसंबंधांवर निबंध लिहिला. त्याच वर्षी चंदीगडच्या संस्थेतल्या डॉक्टरांनी ८२ रोग्यांची लक्षणे बारकाईने लावून प्रसिद्ध केली. त्यांनी विचाराचा आशय एका बाजूला ठेवला आणि त्याचे रूप दुसऱ्या बाजूला: संशय, भीती, ऊर्मी, दृश्य वगैरे. आशयात घाण आणि विटाळ ह्यांचा भरणा सर्वांत मोठा होता, हे आपल्याकडे अपेक्षितच. पण आशय आणि रूप वेगळे करण्याची ही गोष्ट मोठी मोलाची. साहित्याच्या टीकाकाराला ती सुचायला हवी होती. आम्ही तर आयुष्यभर आशय आणि रूप ह्यांवरच भांडत आलो!

आशयाच्या मोहाला खरा धक्का बसला तो १९७८ साली. स्टॅन्ली रॅकमन आणि मूळचे श्रीलंकेचे पद्मल डि सिल्व्हा ह्या दोघांनी लंडनमध्ये धडधाकट माणसांना विचारले: नको असलेले, ओंगळ, हिंस्र, पापी विचार तुमच्या मनात येतात का? पाचांतल्या जवळजवळ चौघांनी होकार दिला. मुलाला जिन्यावरून ढकलावे, देवळात शिवी उच्चारावी, दाराला कडी लावली नाही असे वाटावे. हे विचार रोग्यांच्या विचारांहून ओळखू येण्याइतके वेगळे नव्हते. विचार सर्वांना तेच येतात; निरोग्याच्या मनातून ते निघून जातात आणि रोग्याच्या मनात मुक्काम ठोकतात. हे वाचले त्या रात्री मला माझ्या दुसऱ्या लेखाची लाज वाटली. आत्याबाईच्या मनात काय दडले आहे हे मी शोधत होतो, आणि तिच्या मनात जे होते ते बहुधा माझ्याही मनात होते. मला फक्त ते विसरता येत होते.

लेडी मॅक्बेथचे उदाहरण येथे कोणीतरी देईलच. शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’मध्ये ते नाटक मराठीत आणले. पण जागतिक वाङ्मयातली ही सर्वांत प्रसिद्ध हात धुणारी स्त्री ह्या विषयात आपल्याला चकवते. तिने खरोखर रक्त सांडवले आहे. तिच्या धुण्याला कारण आहे. मंत्रचळाच्या रोग्याने कोणाचाही खून केलेला नसतो. रॅपोपोर्टबाईंच्या पुस्तकात एक मनुष्य आहे. मोटार चालवताना आपण कोणाला तरी धडक दिली असे त्याला वाटते, आणि रस्त्यावर प्रेत नाही हे पाहण्यासाठी तो पुन्हा पुन्हा त्याच जागी फिरून येतो. प्रेत नसते. नसलेल्या प्रेताभोवतीच्या ह्या घिरट्या शेक्सपिअरने लिहिल्या नाहीत.

मेयरचा निबंध मला सर्वांत उशिरा मिळाला, आणि वाचताना प्रथम कंटाळाच आला. भाषा कोरडी, सगळी वाक्ये कर्मणी; माणसे जणू नाहीतच. दोन बायकांची हकीगत. पहिली शिक्षिका, धुणे आणि पुसणे ह्यांनी ग्रासलेली. दुसरीला देवाविषयी अभद्र विचार येत आणि ते निस्तरण्यासाठी ती कृत्ये पुन्हा पुन्हा करी. दोघींवर आधी नाना उपचार होऊन फुकट गेले होते. मेयरने अर्थ शोधण्याचे सोडून दिले. पहिलीच्या खोलीतले नळ बंद करण्यात आले, साबण मोजून देण्यात येऊ लागला, आणि जागेपणी परिचारिका सतत तिच्याबरोबर राहू लागली. ज्या वस्तूंची तिला दहशत वाटे त्या तिच्याकडून हाताळून घेण्यात आल्या, आणि नंतर तिला धुऊ दिले नाही. ती तळमळली, पण आकाश कोसळले नाही. आणि आकाश कोसळत नाही हे तिच्या मनाला, कोणी न समजावता, उमगत गेले. दोघींचे विधी बरेच उतरले.

नळ बंद करण्यात आले, ह्या वाक्याशी मी बराच वेळ थांबलो. माझ्या वडिलांनी रहाटाला कुलूप लावले होते. मग फरक कोठे? वडिलांनी ते रागाने केले, आत्याबाईला न विचारता केले, आणि मुख्य म्हणजे कुलूप लावून ते झोपायला गेले. मेयरच्या खोलीत कोणीतरी बसून होते. कशासाठी बसायचे आणि किती वेळ, हे त्या बाईला सांगितलेले होते. आमच्या वाड्यात त्या रात्री एक जरी माणूस आडाच्या काठी तिच्याजवळ बसले असते, तर काय झाले असते हे सांगता येत नाही. बसले नाही एवढे मात्र खरे. पुढे रॅकमन, हॉजसन, मार्क्स ह्या मंडळींनी ही रीत मॉड्स्ली हॉस्पिटलात पक्की केली. धुण्याची ऊर्मी रोखून धरली तर ती वाढत वाढत वेड लावील, असे रोग्याला वाटते. प्रत्यक्षात ती तासा-दोन तासांत आपोआप ओसरते, हे त्यांनी मोजून दाखवले.

आणि तारखा पाहा. मेयरचा निबंध माझ्या ‘जलदेवते’च्या आदल्या वर्षीचा. क्लोमिप्रामिन ह्या औषधाने मंत्रचळ उतरतो असे स्पेनमधल्या डॉक्टरांनी लिहिले ते १९६७ साली, म्हणजे नेमके माझ्या लेखाच्या वर्षी. मी बेडकांचा अर्ज लिहीत होतो तेव्हा जगात दोन ठिकाणी आत्याबाईच्या प्रश्नाचे उत्तर लिहिले जात होते. ते महालात पोचले असते असे मी म्हणत नाही. नागपूरला मनोरुग्णालय आहे ते १८६४ पासून. पण त्या रस्त्यावरच्या चौकाचे लोकांच्या तोंडचे नावच ‘पागलखाना चौक’. घरातली ‘फार सोवळी’ म्हणून मान असलेली बाई कोण तिकडे घेऊन जाणार? वेड लागलेल्याला घेऊन जातात. आत्याबाईला तर आपण करतो ते वेडेपणाचे आहे हे आमच्याइतकेच स्पष्ट दिसत होते. ह्या आजाराची तीच तर क्रूर गंमत आहे.

औषधांच्या भागाविषयी थोडक्यात लिहितो, कारण तो सांगण्यासारखा असला तरी वाचण्यासारखा मी करू शकणार नाही. अमेरिकेतल्या ५२० रोग्यांवरचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. क्लोमिप्रामिन घेणाऱ्यांची लक्षणे सरासरीने ४० टक्क्यांच्या आसपास उतरली. नुसत्या खोट्या गोळ्या घेणाऱ्यांची ३ ते ५ टक्के. इतर विकारांत खोटी गोळीही पुष्कळ गुण देते. येथे ती जवळपास निरुपयोगी. नुसत्या श्रद्धेने हा आजार हलत नाही, असा त्याचा अर्थ मी करतो. नंतर फ्लुऑक्सेटिन वगैरे सौम्य औषधे आली. ती उदासीनतेच्या आजाराहून मोठ्या मात्रेत द्यावी लागतात आणि आठ-बारा आठवडे धीर धरावा लागतो. पहिल्या औषधाने निम्म्या-अर्ध्या लोकांनाच पुरेसा गुण येतो, हेही सांगितले पाहिजे. २००५ साली एडना फोआ आणि इतरांनी १२२ रोग्यांवर औषध आणि मेयरची रीत ह्यांची तुलना प्रसिद्ध केली. तीत त्या रीतीने उपचार सुरू केलेल्या शंभरातल्या ६२ जणांना गुण आला, औषधाने ४२ जणांना.

मेंदूच्या चित्रांची गोष्ट मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. लॉस एंजेलिसच्या बॅक्स्टर ह्यांनी १९९२ साली नऊ रोग्यांना औषध दिले आणि नऊ जणांना वर्तनोपचार, आणि आधी व नंतर त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. डोळ्यांच्या वरचा कपाळामागचा भाग आणि मेंदूच्या खोलातली एक गाठ ह्यांच्यामधले चक्र ह्या रोग्यांत वाजवीपेक्षा जास्त चालू असते. ज्यांना गुण आला त्यांच्यात ती गाठ शांत झाली होती. चमत्कार असा, की गोळीने गुण आला काय किंवा हात न धुता बसून गुण आला काय, शांत झालेली जागा एकच. मन आणि शरीर ह्यांच्यातली भिंत आम्ही वाङ्मयवाल्यांनी फार जपली आहे. त्या अठरा माणसांत मला ती कोठे दिसली नाही. आनुवंशिकतेचेही पुष्कळ पुरावे आहेत. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ५३ हजारांहून अधिक रोग्यांच्या जनुकसाखळीत ह्या आजाराशी जोडलेल्या ३० जागा सापडल्या. तीस जागा, आणि प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. खलनायक एकच असावा ही कादंबरीची अपेक्षा निसर्ग पुरवीत नाही.

रॅपोपोर्टबाईंचे पुस्तक लोकप्रिय झाले त्याचे कारण त्यांनी रोग्यांना, आणि विशेषतः मुलांना, स्वतःच्या तोंडाने बोलू दिले. दिवसाचे कित्येक तास स्नानगृहात घालवणारा चौदा वर्षांचा मुलगा काहीतरी चिकट लागल्याचे सांगतो. बाई त्या चिकटपणाचा अर्थ सांगत बसत नाहीत. पंजे चाटून चाटून जखमा करून घेणाऱ्या कुत्र्यांना क्लोमिप्रामिनने गुण येतो असेही त्यांनी पुढे दाखवले. कुत्र्याला बालवैधव्य नसते! पुस्तकात दोष आहेत. बाई कधीकधी औषधाच्या उत्साहात वाहून जातात, आणि वर्तनोपचारांकडे हवे तितके पाहत नाहीत. पण ह्या पुस्तकाने अमेरिकेतल्या असंख्य लोकांना, आपण लपवतो तो आजार आहे, हे प्रथम कळले. मराठीत असे पुस्तक कोठे आहे? ‘देवराई’ चित्रपटाने २००४ साली छिन्नमनस्कतेला माणसाचा चेहरा दिला, ‘कासव’ने नैराश्याला दिला. मंत्रचळाच्या वाट्याला आमच्याकडे अजून विनोदच येतो. हल्ली तर नीटनेटकेपणाची हौस असलेली तरुण मुले ‘मला ओसीडी आहे’ असे हसत सांगतात. बेडकांचा अर्ज नव्या कागदावर लिहिला जात आहे, एवढेच.

माझ्या पुतण्याच्या मुलीला हा आजार २०१९ साली झाला, किंवा त्या वर्षी आम्हांला कळला. ती इंजिनिअरिंगला होती. सोवळे म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हते. घरात आड नव्हता, देव्हाराही नावापुरता. तिने हात धुण्याआधी गॅसचे बटण तपासायला सुरुवात केली, मग दाराची कडी, मग चपलांना लागलेला हात. धंतोलीतल्या एका डॉक्टरांकडे तिचे औषध सुरू झाले, आणि तिथल्याच एका बाई तिच्याकडून मेयरच्या रीतीने सराव करून घेऊ लागल्या. त्यांनी तिला भीतीची शिडी लिहायला लावली: तळाला दाराची मूठ, तिला शंभरातले तीस, वरच्या पायरीवर चपलेचा तळवा, तिला पंचाण्णव. २०२० साली करोना आला आणि सगळे जग सोवळ्यात गेले. मला वाटले पोरगी आता कोसळणार. ती मला म्हणाली, “आजोबा, आता सगळेच माझ्यासारखे झाले. पण ते वीस सेकंदांत थांबतात हो.”

ह्या लेखाची तयारी करताना मी तिला माझे दोन्ही जुने लेख वाचायला दिले. विनोदी लेख तिला आवडला. बेडकांना ती हसली, आणि हसल्याबद्दल तिला काही वाटले नाही. गंभीर लेख मात्र तिने अर्ध्यावर ठेवला. मी कारण विचारले. “ह्यात ‘अखेर’ हा शब्द फार वेळा आला आहे,” ती म्हणाली. “अखेर आत्याबाईला कळले, अखेर पाणी आटले. तिला असं कधी वाटलंच नसेल ना. अखेर असती तर ती जेवायला बसली नसती का?” आयुष्यात माझ्या लेखनावर पुष्कळ टीका झाली, तीत एवढी नेमकी दुसरी मला आठवत नाही.

त्या दिवशी तिचा सराव बाकी होता. तिने माझी जुनी कोल्हापुरी चप्पल उचलली, उजवा तळहात तिच्या तळव्यावर सावकाश फिरवला, आणि तो हात मांडीवर ठेवून माझ्यासमोर खुर्चीत बसली. बोलू नका, असे काही तिने सांगितले नाही. उलट बोलत राहा म्हणाली. मी तिला महालातल्या वाड्याच्या गोष्टी सांगत राहिलो. दहाव्या मिनिटाला तिच्या कपाळावर घाम आला आणि तिने पायाची बोटे आवळली. पंचविसाव्या मिनिटाला तिने विचारले की आडाला एकूण किती पायऱ्या होत्या. मला आठवेना. भिंतीवरच्या घड्याळात चाळीस मिनिटे झाली तेव्हा तिने चहा मागितला, आणि मी तो करायला उठलो.